उफराट्या पट्ट्या

टेलरच्या दुकानात चिंध्या कधी साठल्या हे कुणालाच कळत नाही. सकाळी झाडून घ्यावं, तर संध्याकाळी मशीनखाली पुन्हा ढीग. आमच्याकडे किस्से असेच साठले. मुद्दाम जमवायला कोण बसलंय? माझी बायको म्हणते, "तुमच्या दुकानात कापड कमी आणि गप्पाच जास्त फाडल्या जातात." तिचं बरोबर आहे, पण हे तिला सांगू नका.

दुकान देवळाली कॅम्पात. मिलिटरी टेलर. आधी आजोबा, मग अण्णा म्हणजे माझे वडील, आता मी. युनिफॉर्म शिवायचे, खांद्यावरचे स्टार, बाहीवरच्या पट्ट्या, छातीवरच्या फिती जागच्या जागी बसवायच्या, हे आमचं खानदानी काम. गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणतात. त्यामुळे झालंय काय, की कुणाच्या घरी जुनी ट्रंक उघडली आणि तिच्यात आजोबा-पणजोबांचा एखादा पितळी बिल्ला निघाला, की कुणीतरी हमखास सांगतं, "कॅम्पातल्या मास्तरांकडे जा. ते ओळखतील."

खरं सांगतो, मी एकटा काही ओळखत नाही. ओळखतात ते बोराडे सुभेदार. रिटायर होऊन जमाना झाला, पण नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी फौजेच्या स्टोअरमध्ये काढलेली. बिल्ला हातात आला की आधी उलटा करून मागची बाजू बघणार. "पुढून सगळेच चांगले दिसतात, मास्तर!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पितळ कसं ओतलंय, मागे कड्या आहेत का पट्टी, यावरून ते बिल्ल्याची अख्खी कुंडली मांडतात.

आणि तिसरे आमचे गुरुजी. पंचवटीतले. रामकुंडावर लोकांचे विधी करतात. फौजी माणूस गेला की घरचे अस्थींबरोबर त्याचा बिल्लाही पाण्यात सोडायला आणतात. गुरुजी त्या वेळी मंत्र थांबवून ओरडतात, "अस्थी सोडा, पितळ सोडू नका!" घरच्यांनी तरीही "आता नको घरात" म्हटलं, की तो बिल्ला गुरुजींच्या बिस्किटाच्या डब्यात जातो. एके दिवशी तो डबा घेऊन गुरुजी आमच्या दुकानात आले आणि आमची रविवारची बैठक सुरू झाली. मला शिलाई कळते, सुभेदारांना पितळ कळतं, गुरुजींना माणसं कळतात.

बैठकीचा नियम एकच. बिल्ला घासूनपुसून आणायचा नाही! लोक चिंच लावतात, राख लावतात, कुणी तर दातांची पेस्ट लावून चकचकीत करून आणतो आणि वर विचारतो, "यावर काय लिहिलंय?" अरे बाबा, तूच पुसलंस ना ते! मग माझं डोकं फिरतं.

*

निफाडकडचे एक द्राक्षवाले शेतकरी आले. पिशवीतून लाल कापड काढलं, त्यातून देवघरातला टाक काढला. टाक म्हणजे आपल्या घरोघरी देव्हाऱ्यात असतो तो धातूच्या पत्र्यावरचा देव. "घोड्यावर बसलाय म्हणजे खंडोबाच," ते म्हणाले. "आजोबांच्या वेळेपासून पूजेत आहे. पण परवा जावईबापू म्हणाले, हा बिल्ला वाटतो."

साठ-सत्तर वर्षं रोज चिंच लावून घासलेला. घोडेस्वाराला नाक नाही, डोळा नाही, घोड्याला शेपूट नाही. सुभेदारांनी सवयीनं उलटा केला. मागे दोन कड्या. फेट्याला अडकवायच्या.

"देवाला मागे कड्या कशाला हव्यात?" सुभेदार हळूच म्हणाले. कुठल्याशा जुन्या संस्थानच्या रिसाल्याचा बिल्ला होता. पणजोबा घोडदळात असणार.

त्या माणसाचा चेहरा असा पडला, की मला बिल्ला परत पिशवीत टाकावासा वाटला. तीन पिढ्या नैवेद्य दाखवला, तो बिल्ल्याला! त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. "गुरुजी, आता याचं काय करायचं? पूजा वाया गेली का?"

गुरुजींनी बिल्ला दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि लाल कापडात गुंडाळून परत दिला. "वाया कशी जाईल? शिपायाचा देव झाला. एवढं प्रमोशन कुठल्या फौजेत मिळतं सांगा!"

अजूनही तो देव्हाऱ्यातच आहे. फक्त चिंच बंद केलीय, हे मी शपथेवर वदवून घेतलं.

*

आता भागूमावशी. हिचा किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण त्यात गाढव मी आहे.

मावशी सायखेड्याची. वय ऐंशीच्या पुढं, पण पाठ ताठ. ती आली बुधवारी. बुधवारी दुकानात सुभेदार नसतात, गुरुजी नसतात, असतो तो मी आणि माझी अक्कल. तिनं वानोळा म्हणून आणलेली वांगी आधी काउंटरवर ठेवली, मग पदराखालून एक जुनी खाकी बाही काढली. कोपरापासून मनगटापर्यंतची, नुसती बाही. मनगटाजवळ दोन पट्ट्या. नेहमीच्या पट्ट्यांचं टोक खाली असतं, या दोन्हींचं टोक वर!

"मास्तर, ह्या सरळ करून दे," ती म्हणाली.

मग बसून तिनं सांगितलं. बाप दुसऱ्या महायुद्धात होता, परमुलखात. गावातले आणखी दोघं होते. ते परत आले तर वाजतगाजत आले, छातीवर मेडलं घालून. हिचा बाप एका सकाळी एकटाच चालत आला. मेडल नाही, काही नाही, आणि बोलायलाही तयार नाही. हिच्या चुलत्यानं कोटावरच्या पट्ट्या बघितल्या आणि गावभर सांगितलं, "चोरी केली आसंल तिकडं. फौजंत गुन्हा केला का पट्ट्या उफराट्या करत्यात!"

"आन त्यो कोट चुलत्यानं बाजरीच्या वावरात बुजगावण्याला घातला," मावशी म्हणाली. "बाजरी निघाली तरी काढला नाय. सगळा उन्हाळा कोट वावरात हुभा. येनारा-जानारा दात काढायचा. शेवटाला माझ्या आईनं येका सकाळी विळ्यानं ही बाही कापून आनली. ल्योक नव्हता तिला, मी येकली. लगीन करून दिलं तेबी गावातच. तवापास्नं मी चोराची पोरगी. माझा चुलतभाऊ सीताराम, शेजारीच ऱ्हातो, त्यो आजून म्हनतो."

"मग आता का सरळ करायच्यात?"

मावशीचा चेहरा एकदम उजळला. "नात भरती झालीय ना माझी! फौजंत! ट्रेनिंग संपवून पह्यल्या सुट्टीवर यील, तवा ही बाही फ्रेम करून भितीला लावायची हाय. तिच्या पनजोबाची हाय म्हनून सांगायचं. पर उफराट्या पट्ट्या कशा लावू रं? पोरीला आता फौजंतलं समदं कळतंय."

मला भरून आलं. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि कामाला लागलो. पट्ट्या उसवल्या. उन्हानं बाही पांढुरकी पडली होती, पण पट्ट्यांखालचं कापड गडद राहिलं होतं, तिथं टोक वर असलेल्या दोन पट्ट्यांची सावलीच उमटली होती. ती झाकायला खाली जुन्या खाकीचं ठिगळ लावलं, आणि त्यावर दोन्ही पट्ट्या टोक खाली करून अशा बसवल्या, की ब्रिगेडियर आला तरी चूक काढणार नाही.

"मावशी, दोन पट्ट्या म्हणजे तुझे वडील नाईक होते. चोर नव्हे, नाईक!"

मावशीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी आठवडाभर हवेत होतो. रविवारी मित्रांना सांगितलंसुद्धा नाही. म्हटलं, आपलंही एखादं सत्कृत्य गुप्त असावं.

*

एका वर्षात आमच्याकडे तीन घरांतून तीन फोटो आले. तीन वेगवेगळे आजोबा, गावं वेगळी, आडनावं वेगळी. तिघंही कोट घालून ताठ उभे, खांद्यावर तीन-तीन स्टार. तिन्ही घरांचं म्हणणं एकच, "आजोबा कॅप्टन होते."

पहिल्या फोटोला सुभेदार "असतील" म्हणाले. दुसऱ्याला गप्प बसले. तिसरा फोटो चांदवडच्या एका बाईंनी आणला, तेव्हा मी भिंग मागितलं. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, कपडे राहतात. दुसरं बटण तुटलेलं, त्या जागी साधं काळं बटण, आणि डाव्या खिशाचं झाकण किंचित तिरकं शिवलेलं. तिन्ही फोटोंत!

कोट एकच होता. जुन्या काळी फोटो स्टुडिओत असे कोट खुंटीला टांगलेले असायचे. ज्याला फोटो काढायचा त्यानं घालायचा, काढला की परत खुंटीला.

बाई हिरमुसल्या. "म्हणजे आजोबा फौजेत नव्हतेच?"

सुभेदारांनी फोटो तिरका धरून खाली बोट ठेवलं. "वर बघू नका, ताई. पायांत बघा. बूट स्टुडिओतले नाहीत. हे फौजेचे बूट आहेत, आणि घोट्यापासून वर गुंडाळलेली ती पट्टी बघा. नवशिक्याला अशी बांधताच येत नाही. आजोबा शिपाई होते आणि चांगले होते. फोटोपुरते कॅप्टन झाले, एवढंच."

बाईंना हसूही आलं आणि रडूही आलं. जाताना त्या म्हणाल्या, "घरी मात्र मी कॅप्टनच सांगणार आहे हं!"

"सांगा की," गुरुजी म्हणाले. "त्या कोटानं तीन घरांची अब्रू राखलीय, चौथ्याला कशाला कळवायचं!"

*

दोघा भावांचा किस्सा तर आमच्या डोळ्यांदेखत घडला. थोरला एका रविवारी आला. कॉलरवर लावायचा छोटा पितळी सिंह. वडिलांचा. वाटणीत दोन सिंह निघाले होते, एकेकाला एकेक मिळाला. थोरल्याचं म्हणणं, "माझा खरा. धाकट्याचा डुप्लिकेट. त्याच्या सिंहाचं तोंड दुसरीकडंच आहे. त्यानं खरा विकून बाजारातला आणून ठेवला असणार." यावरून बोलणं बंद. अकरा वर्षं!

सुभेदार म्हणाले, "पुढच्या रविवारी या, नीट बघून सांगतो." थोरला गेला आणि अर्ध्या तासानं कोण यावं? धाकटा! हातात सिंह. "मास्तर, माझा खरा आहे हो. दादाच्या सिंहाचं तोंड उलट्या बाजूला आहे."

सुभेदारांनी त्यालाही पुढच्या रविवारी, त्याच वेळेला बोलावलं. मी म्हटलं, "अहो, इथं मारामाऱ्या होतील. माझ्या शोकेसची काच नवी आहे!"

दोघं आले. एकमेकांना बघून दोघंही मागे फिरले, पण दारात गुरुजी उभे होते आणि गुरुजींना ओलांडून जाणं सोपं नाही, आमचे गुरुजी रुंद आहेत. मी शिवायला आलेला एक कोट पुतळ्याला चढवला, एक सिंह डाव्या कॉलरला लावला, दुसरा उजव्या. दोन्ही सिंह एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"कॉलरचे बिल्ले जोडीनंच बनतात," सुभेदार म्हणाले. "एक इकडं बघणारा, एक तिकडं बघणारा. तोंडाला तोंड आलं की जोडी पुरी."

दोघंही पुतळ्याजवळ वाकले. मग थोरल्यानं घसा खाकरला. "म्हणजे दोन्ही खरे?"

"दोन्ही खरे."

"मग आम्ही अकरा वर्षं भांडलो, ते?"

"तेही खरंच!" सुभेदार म्हणाले.

धाकटा फिसकन हसला, मग थोरला. त्या दिवशीचा चहा दोघांनी एकाच बाकावर बसून घेतला आणि सिंह कुणाकडे राहणार यावरून लगेच नवीन वाद सुरू केला. "तूच ठेव", "नाही दादा, तूच ठेव". हा वाद ऐकायला मात्र गोड होता.

*

मग आला तो रविवार, ज्या दिवशी माझं पितळ उघडं पडलं.

गंगापूर रोडवरून एक रिटायर बँकवाले साहेब सपत्नीक आले. बंगल्याचं नावच 'हवालदार'. वडील हवालदार होते म्हणून. वडिलांचा कोट आणला होता, इतका जपलेला की मी मनातल्या मनात नमस्कार केला. डाव्या बाहीवर मनगटाजवळ तीन पट्ट्या. टोक वर.

मी तत्परतेनं सुई-दोरा काढला. "उफराट्या लागल्यात. देतो सरळ करून."

"मास्तर, हात लावू नका!" सुभेदार इतक्या मोठ्यानं ओरडले, की टपरीवरचा चहावाला बाहेर आला. "पट्ट्या बरोबर आहेत. हवालदाराच्या पट्ट्या दंडावर असतात, टोक खाली. मनगटाशी टोक वर, ही वेगळी चीज आहे. जुन्या फौजेत चांगल्या वागणुकीसाठी मिळायची. साध्या शिपायाला. वर्षानुवर्षं कागदावर एकसुद्धा लाल शेरा नाही पडला, की एक पट्टी. तसंच पुढं चालू राहिलं, की दुसरी. एक गुन्हा झाला, की पट्टी गेली!"

साहेब खुर्चीत बसले. "म्हणजे बाबा हवालदार नव्हते?"

"नव्हते. शिपाई होते. पण सबंध नोकरीत एक चूक नाही."

साहेबांना ते पचेना. बंगल्याची पाटी संगमरवरी होती. पण त्यांच्या पत्नी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अहो, हे सासूबाईंना कळायला हवं होतं! त्या जन्मभर म्हणायच्या, या माणसाच्या एका कामाला वळण नाही!"

सगळे हसले. मी नाही हसलो. हातातली सुई खाली पडली, आणि टेलरच्या हातातून सुई पडणं म्हणजे काय ते टेलरलाच ठाऊक.

"काय झालं मास्तर?" गुरुजींनी विचारलं.

"मी एक बाही बिघडवलीय," म्हटलं. आणि भागूमावशीचं सगळं सांगितलं. बुजगावणं, चोराची पोरगी, ठिगळ, नाईक, सगळं.

सुभेदार माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. फक्त एवढंच विचारलं, "नात सुट्टीवर कधी येतेय?"

मी फोन लावला. मावशी आनंदात होती. "परवा येतीय पोरगी! फ्रेम भितीला लावली. समद्या गावाला सांगितलं, माझा बाप नाईक व्हता!"

*

सोमवारी सकाळी तिघं सायखेड्याला निघालो. माझ्या मनात एकच. आता त्या म्हातारीला जाऊन काय सांगायचं? तुझा बाप नाईक नव्हता, ते मी सांगितलेलं खोटं. मीच दिलेली पदवी मीच काढून घ्यायची! आणि नाही सांगितलं, तर उद्या नात येणार. फौजेत तयार झालेली पोरगी. मनगटाशी नाईकाच्या पट्ट्या बघून तिला वाटणार, आजीनं बनावट काहीतरी टांगलंय. चोराच्या घरात खोटी बाही!

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही सांगा. तुम्हाला दुःखाच्या घरी बोलायची सवय आहे."

"तुम्ही शिवलंय, तुम्हीच उसवा," गुरुजी म्हणाले.

मावशी ओट्यावरच बसली होती. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा बिडी ओढत बसलेला. दोन ओट्यांमध्ये हातभर जागा. तोच सीताराम. आम्हाला बघून मावशीनं हाक मारली, "ये मास्तर! बघ कशी लावलीय!" आतल्या भिंतीवर नवी कोरी फ्रेम, वर झेंडूचा हार.

मी फ्रेम काढली आणि ओट्यावर मांडी घालून बसलो. पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. "मावशी, माझं चुकलं. तुझे वडील नाईक नव्हते. साधे शिपाई होते. मी शहाणपणा केला."

मावशीचा चेहरा विझला. मला तो बघवेना. पलीकडून सीताराम खोकला. "म्या काय म्हनत व्हतो? नाईक म्हनं!"

तेव्हा सुभेदार पुढं झाले. "आजोबा, जरा थांबा. मास्तर, उसवा."

मी एकेक टाका उसवला. माझे टाके बारीक, पटकन निघत नव्हते, आणि त्या दिवशी मला माझ्याच हाताचा राग आला. पट्ट्या निघाल्या. ठिगळ निघालं. खाली कापडावर ती सावली जशीच्या तशी होती. पांढुरक्या बाहीवर दोन गडद पट्ट्या, टोक वर.

सुभेदारांनी बाही उन्हात धरली आणि तिथल्या तिथं सगळं सांगितलं. चांगल्या वागणुकीच्या पट्ट्या. एक लाल शेरा नाही. चोरी सोडा, उशिरा हजर झाला तरी पट्टी उतरते. "ही पट्टी मागून मिळत नाही, आणि गुन्हेगाराला तर नाहीच नाही. मी सुभेदार होऊन रिटायर झालो, माझ्या कागदावर तीन लाल शेरे आहेत. या माणसाच्या कागदावर एक नव्हता. मेडल तेव्हा मागून घ्यावं लागायचं, ते मागायला हा गेला नसणार, एवढंच."

"पट्ट्या तर या टेलरनंच फिरवल्या," सीताराम पुटपुटला. "आता त्ये सांगतील तसं."

"पट्ट्या मी फिरवल्या, ही सावली कुणी पाडली?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "कोट सगळा उन्हाळा वावरात कुणी उभा केला होता, आजोबा? तुमच्याच वडिलांनी ना?"

सीतारामनं बिडी विझवली. बाहीकडं बघितलं, मग दुसरीकडं बघितलं. तो तरी काय करणार? बापानं सांगितलेलं आयुष्यभर खरं धरून चालला होता. शेवटी म्हणाला, "मला काय दिसत नाय. मोतीबिंदू हाय."

मावशीनं बाही माझ्या हातातून घेतली. त्या सावलीवरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसलं नाही.

मग तिनं बाही परत माझ्या मांडीवर ठेवली.

"मास्तर, व्हत्या तशा शिव. उफराट्या." आणि शेजारच्या ओट्याकडं न बघता, पण तिकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आन टाके जरा मोठे घाल बाबा. आमच्या सीतारामला बारीक दिसत नाय."